वयाचा रकाना: आर्वीकडच्या एका स्मृतिभ्रंश-प्रकल्पाच्या नोंदी

१० जून २०२४
मृग लागला, पाऊस नाही. पेरणीआधीचे हे आठ-दहा दिवस लोक घरी सापडतात, म्हणून आजच सुरुवात केली. काम थोडक्यात असं: साठीपुढच्या माणसांची स्मृतीची प्राथमिक चाचणी घरी जाऊन घ्यायची, शंका वाटली तर न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचं, एमआरआय झाला असेल तर त्यातून हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे मेंदूतल्या आठवणी साठवायला मदत करणाऱ्या भागाचं, आकारमान मोजायचं आणि सगळा डेटा नीट रचून ठेवायचा. मी निदान करत नाही. माझं शिक्षण न्यूरोइन्फॉर्मेटिक्सचं, म्हणजे मेंदूच्या डेटाची हमाली. निदान वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर करतात आणि नैतिकता समितीची परवानगीही त्यांच्याच विभागामार्फत आहे.

माझी पीएचडी ज्या डेटावर झाली तो अमेरिकेतला एडीएनआय. २००४ साली सुरू झालेला अल्झायमरचा मोठा प्रकल्प. त्यातल्या लोकांचं सरासरी शिक्षण सोळा वर्षांच्या आसपास. वय दशांशात लिहिलेलं, ७४.३ वगैरे. आठ वर्षं मी तो रकाना नुसता उचलून सूत्रात टाकत आले. तो कोणी, कुठे बसून, कसा भरला असेल हे कधी मनातही आलं नाही. गावातल्या माझ्या यादीत चौथी पास म्हणजे शिकलेला माणूस.

परत यायचं कारण बाबा. जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. २०२१ मध्ये अल्झायमरचं निदान झालं.

सोबतीला आशाताई. एका घराचं मानधन १५० रुपये ठरलं.

२४ जून
पहिले दोन आठवडे पाण्यात. स्मृती तपासायची मूळ एमएमएसई चाचणी १९७५ ची, तीस गुणांची, आणि ती परवाना घेतल्याशिवाय वापरता येत नाही. मी शहाणपणा करून कुठूनतरी मिळालेला एक मराठी कागद वापरला. त्यात लक्षात ठेवायचे तीन शब्द होते: सफरचंद, टेबल, नाणे.

पहिल्याच घरी आजी म्हणाल्या, "नाडे? कोनते नाडे?"

मग मी मनानेच शब्द बदलले: आंबा, खाट, बैल. पाच मिनिटांनी विचारलं तर एकामागून एक सगळ्यांना तिन्ही आठवले. आनंद झाला. तिसऱ्या घरी एक मावशी आपणहून बोलून गेल्या, "आंब्याखाली खाट टाकली अन् खाटेले बैल बांधला, त्यात काय इसरायचं?" एकमेकांत सहज गुंफता येतील असेच शब्द मी निवडले होते.

डॉक्टरांनी कान उपटले ते वेगळंच. शब्द आपल्या मनाने बदलले की गुणांची कोणाशीच तुलना करता येत नाही. १९ मुलाखती बाद. आता १९९५ सालच्या हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशनवरून विभागाने करून ठेवलेला मराठी तक्ता घेतला आहे. मूळ काम हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी झालेलं. त्यात वाक्य लिहायला लावत नाहीत, घराबद्दल काहीतरी सांगा म्हणतात. "डोळे मिटा" असं वाचून करायच्या ऐवजी, मी करते तसं करा. हे काम कोणी करणार असेल तर पहिल्या दिवशी एकच करा: तक्ता डॉक्टरांकडून घ्या आणि त्यातला कानामात्राही हलवू नका.

दुसरी चूक बहिरेपणाची. पहिल्या आठवड्यात सर्वांत कमी गुण मिळालेल्या आबाजींना मुळात माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं. मान डोलवत होते, सभ्य माणूस. कानाला लावायचं छोटं ध्वनिवर्धक यंत्र घेतलं, २,२०० रुपये. पुन्हा विचारलं तर नऊ गुण वाढले.

१० जुलै
लाडक्या बहिणीच्या अर्जांची झुंबड. आशाताई आणि अंगणवाडीताई दोघी त्यातच. मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले तर पंधरा मिनिटांत रांग लागली. बायका कागद घेऊन उभ्या. माझा फॉर्म तो नव्हे हे सांगता सांगता घसा बसला. पण काही जणी म्हणाल्या, आता आलोच तं घ्या लिहून. घेतलं. दिवसभरात २३ मुलाखती, आजवरचा उच्चांक. रात्री फार खूश होते.

(सप्टेंबरमध्ये घातलेली भर: त्या २३ मधली वयं एकही धड नाही. योजनेची वरची मर्यादा ६५ वर्षं. रांगेतल्या कोणत्याच बाईचं वय त्यापुढे असायची सोय नव्हती.)

१८ जुलै
काल आषाढी. "आज तारीख किती?" या प्रश्नावर बहुतेक म्हाताऱ्या माणसांनी "एकादस" सांगितलं. माझ्या मदतीला आलेल्या पदवीच्या पोराने सगळ्यांचा गुण कापला. त्याचं काही चुकलं नाही, मी सांगितलंच नव्हतं. त्याला विचारलं, आज तिथी कोणती? त्याने मोबाइल काढला.

डॉक्टरांशी बोलून नियम केला: तिथी आणि मराठी महिना बरोबर असेल तर गुण द्यायचा. भिंतीवरचं कॅलेंडर फाइलीत ठेवलंय, प्रत्येक मुलाखतीच्या दिवशीची तिथी आधीच लिहून नेतो. मागच्या ११ मुलाखती पुन्हा तपासल्या. एक दिवस गेला.

६ ऑगस्ट
एमआरआयच्या सीडी. ज्यांचे स्कॅन आधीच झाले होते त्यांच्याकडून गोळा केल्या. गोदरेजच्या कपाटातून, गव्हाच्या कोठीवरून, देवघरातून. ३१ निघाल्या. लॅपटॉपला सीडीचा खण नाही, बाहेरून लावायचा घेतला, १,६०० रुपये. सहा वाचल्याच गेल्या नाहीत. नवांमध्ये नुसती जेपीजी चित्रं होती, ती मोजणीला निरुपयोगी. उरलेल्या सोळांत डायकॉम, म्हणजे मशीनमधून निघालेल्या मूळ स्कॅनच्या फायली मिळाल्या, पण त्यातल्या चौदांत पाच-पाच मिलिमीटर जाडीचे काप. डॉक्टरांना गाठ किंवा रक्तस्राव बघायला ते पुरतात. हिप्पोकॅम्पस मोजायला म्हणजे वांग्याच्या चार चकत्यांवरून वांग्याचं वजन सांगणं.

पुढच्या स्कॅनसाठी तंत्रज्ञाला जाऊन भेटले. चिठ्ठीवर "थ्रीडी टी-वन" (बारीक कापांचा स्कॅन) लिहिलं तर कोणी लक्ष देत नाही. त्याच्या मशीनवर त्या क्रमाला जे नाव आहे ते सांगावं लागतं: सीमेन्सवर एमपीरेज, जीईवर ब्राव्हो. "एक मिलिमीटरचं ते घ्या ना भाऊ, पाचच मिनिटं जास्त लागतील," असं समोर उभं राहून म्हटलं तरच होतं. शनिवारी जाऊ नये, गर्दी असते.

२० ऑगस्ट
स्कॅनवरून मेंदूचे भाग मोजणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरचा नेहमीचा मार्ग इथे चालत नाही हे मान्य करायला मला दोन आठवडे लागले. एका मेंदूला सात-आठ तास आणि गावात सलग सात-आठ तास वीज कुठली. यूपीएस वीस मिनिटांत मान टाकतो. इन्व्हर्टरची बॅटरी आणली, १३,५०० रुपये. मग वीज टिकली तर जाड कापांच्या स्कॅनवर आलेलं उत्तर हास्यास्पद: एका बाईंचा डावा हिप्पोकॅम्पस उजव्याच्या दुप्पट.

शेवटी सिंथसेग लावलं. फ्रीसर्फरच्या नव्या आवृत्त्यांतच येतं, कोणत्याही जाडीचा आणि कोणत्याही प्रकारचा स्कॅन चालतो, साध्या लॅपटॉपवरही काही मिनिटांत उरकतं. जाड कापांसाठी त्याचा रोबस्ट पर्याय वापरा आणि गुणवत्तेचे जे आकडे सोबत येतात ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पीएचडीच्या काळात मी असल्या "जुगाडू" स्कॅनकडे ढुंकूनही बघितलं नसतं. इथे तेच आहेत.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा
आज जे लिहायचं आहे ते लिहायची इच्छा नाही, पण ह्या नोंदी त्यासाठीच आहेत.

क्रमांक ०१७. वय ६४. चाचणीत मध्यम गुण, एमआरआय नवा आणि चांगला. हिप्पोकॅम्पसचं आकारमान त्या वयाच्या मानाने पाचव्या पर्सेंटाइलच्या खाली, म्हणजे त्या वयाच्या शंभरातल्या पंचाण्णवांपेक्षा लहान. मी विभागाला "लवकर बघावं" असं कळवलं आणि घरच्यांनाही सांगितलं. पोरगा घाबरला. विभागाची तारीख यायच्या आधीच त्याने आईला नागपूरला नेलं. एसटी, राहणं, तपासण्या, सगळे मिळून ३,२०० रुपये. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं, बोलले आणि आजींना विचारलं, तुमचं वय किती हो खरं?

पोळ्याच्या करंज्या घेऊन मी त्यांच्या घरी गेले. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. आजी ओट्यावर कपाशीच्या शेतातून आणलेलं गवत निवडत बसल्या होत्या. विचारलं. हसल्या.

"आधारात मी म्हातारी झाली असती तं लाडकी कशी झाली असती वं?"

मग हळूहळू निघालं. आणे जाऊन नये पैसे आले तेव्हा त्या बापासाठी शेतात शिदोरी नेत होत्या आणि दुकानातून मीठ आणत होत्या, दुकानदाराने हिशेबात फसवलं म्हणून मार खाल्लेला लक्षात आहे. नये पैसे १ एप्रिल १९५७ चे. तुकडोजी महाराज गेले, ऑक्टोबर १९६८, तेव्हा नदीपलीकडे मोझरीला सगळं गाव चाललं होतं आणि ह्यांना जाता आलं नाही, कारण दुसरं लेकरू अंगावर पीत होतं. म्हणजे १९५७ ला नऊ-दहा वर्षांच्या, अडुसष्टला विशीच्या. आज ७६-७७.

रात्री त्याच आकारमानाला ७७ वय घालून बघितलं. पर्सेंटाइल तीसच्या आसपास. वयाने हिप्पोकॅम्पस साधारण वर्षाला एक-दीड टक्क्याने आक्रसतोच, अल्झायमरमध्ये तो वेग तिपटीने वाढतो. तेरा वर्षांचा फरक म्हणजे माझ्या हिशेबात निरोगी माणसाला आजारी ठरवायला पुरेसा.

सगळ्यात लागलं ते हे: मी वय तीन ठिकाणी पडताळलं होतं. आधार ६४, माझा फॉर्म ६४, एमआरआयच्या फायलीत ०६४. एमआरआयच्या खिडकीवर पोराने आधार दाखवलं होतं आणि माझ्या फॉर्मवरही तेच उतरलं होतं. तीन साक्षीदार, तोंड एकच.

३,२०० रुपये पोराला परत दिले. नको म्हणत होता, घ्यायला लावले.

४ ते १५ सप्टेंबर
बाकी सगळं थांबवलं. आधारवरच्या जन्मतारखा मोजायला बसले. निम्म्याहून जास्त १ जानेवारी. तारीख माहीत नसली आणि नुसतं वय सांगितलं की तीच छापून येते. त्याखालोखाल १ जुलै. तो शाळेच्या दाखल्यावरून आलेला.

वय कोणत्या बाजूला ओढलं गेलंय हेही बघावं लागतं. लाडकी बहीण खाली ओढते. श्रावणबाळ ६५ ला सुरू होतो, तो वर ओढतो. एसटी ७५ ला फुकट, तीही वर. ०४१ चे आबाजी आधारवर ७६, मेंदू बघितला तर वयाच्या मानाने लख्ख. मी कौतुकाने "सुपर एजर" लिहून ठेवलं होतं. निघाले अडुसष्ट वर्षांचे. "महिन्यातून दोनदा पोरीकडे जातो, तिकीट कोन काढीन?"

१ जुलैचं कोडं घरातच सुटलं. दाखल-खारीज रजिस्टर बाबांनीच वर्षानुवर्षं लिहिलेलं. १९७० च्या आसपास त्यांनी पहिलीत घातलेली पोरं आज माझ्या यादीत आहेत. विचारलं, बाबा, वय कसं लिहायचे? सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही. पण उठले, मला समोर उभं केलं, माझा उजवा हात धरून डोक्यावरून आणला आणि डाव्या कानाला लावला. "लागला कान. सहा पूर्ण." मग खुर्चीत बसून, हवेत लेखणी धरल्यासारखी बोटं करून म्हणाले, "लिहा, एक जुलै."

आमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडते. जुलैची पहिली तारीख सोयीची.

उंच पोरगा पाचव्या वर्षीच सहाचा झाला, खुरटा राहिलेला आठव्या वर्षी. ज्यांचं लहानपण उपासमारीत गेलं त्यांची वयं कागदावर सगळ्यात कमी. हे मी कुठल्याच अभ्यासात वाचलं नव्हतं, आणि मला शिकवलं ते वडिलांनी, ज्यांच्यावर मी चाचणी घेते.

१६ सप्टेंबर
घटनापत्रिका तयार. लोकांना साल विचारायचं नाही, घटना विचारायची आणि त्या वेळी तुम्ही काय करत होता ते विचारायचं. आमच्या भागात उपयोगी पडलेल्या:

गांधीजी गेले, जानेवारी १९४८. नागपूरची दीक्षा, १४ ऑक्टोबर १९५६. त्याच वर्षी डिसेंबरात गाडगेबाबा गेले. नये पैसे, १९५७. महाराष्ट्र झाला, १ मे १९६०, ही मात्र कोणालाच आठवत नाही, वगळली तरी चालेल. तुकडोजी महाराज, १९६८. बहात्तरचा दुष्काळ, सुकडी आणि खडी फोडायचं काम, ही सर्वांत पक्की. आणीबाणीतली नसबंदी, पुरुषांना विचारायची पद्धत सांभाळून. विनोबा गेले, नोव्हेंबर १९८२, पवनार जवळच असल्यामुळे लेकरांची वयं पक्की करायला.

दीक्षेची आठवण एका वस्तीत अगदी काटेकोर निघते. पांढरी साडी कोणी घेतली, बैलगाडी कुठवर नेली, कडेवर कोण होतं. दुसऱ्या वस्तीत तीच घटना विचारली तर काहीच हाती लागत नाही. वस्ती बघून प्रश्न ठरवा.

"तुम्ही किती वर्षांचे होते?" विचारायचं नाही. "पाण्याचा गुंड डोक्यावर नेत होता का? निंदायला जात होता? शहाण्या झाल्या होत्या?" असं विचारायचं. शेवटचा प्रश्न आशाताईच विचारते, मी बाहेर थांबते. किमान दोन घटना आणि एक भावंड किंवा लेकरू. उत्तर एका आकड्यात लिहायचं नाही, पट्ट्यात लिहायचं. एका माणसाला चाळीस मिनिटं लागतात.

स्मृती गेलेल्या माणसाला त्याच्याच स्मृतीवरून वय विचारणं उफराटं आहे, हे मलाही कळतं. जुनं बऱ्याच दिवसांपर्यंत शाबूत राहतं, तरी अशा घरी भावंडं किंवा जाऊ-नणंद यांनाच विचारतो.

फायलींची मांडणी बिड्स या मेंदूच्या डेटासाठी ठरलेल्या पद्धतीने करते आहे. तिच्या सहभागींच्या तक्त्यात वयाला एक रकाना असतो. मी चार केले: कागदावरचं वय, घटनांवरून काढलेला पट्टा, कोणी सांगितलं, खात्री किती. सोबतच्या वर्णन-फायलीत कान-हाताची परीक्षाही लिहिली आहे. वाचणाऱ्याला हसू आलं तर येवो.

ऑक्टोबर, नोव्हेंबर
काम जवळपास शून्य. सोयाबीन, मग दिवाळी, मग कापूस वेचणी, त्यात विधानसभेची निवडणूक. सत्तरीच्या आजीही वेचणीला जातात, किलोवर पैसे मिळतात. संध्याकाळी थकलेल्या माणसाची स्मृती तपासू नये. हे दोन महिने वेळापत्रकात धरूच नका. मी धरले होते.

१२ डिसेंबर
आठवडाभर एक भूत शोधत होते. मुलाखती ११२, तक्त्यात माणसं ११४. वऱ्हाडे आडनावाची दोन माणसं दोनदा. डोळ्यांना अक्षरं सारखीच दिसतात. कारण "ऱ्ह" एका कीबोर्डने ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहिला होता आणि दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. ऱ आणि नुक्त्याचा र एवढाच घोळ असता तर युनिकोडच्या ठरावीक प्रमाणीकरणाने दोन्ही एक झाले असते, पण तो न दिसणारा जोडक त्यानेही जात नाही. स्वतः नियम लिहून काढावा लागतो. खरं तर नावावरून जोडणीच करायची नसते, क्रमांकावरून करायची, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे.

एमआरआयच्या फायलींमधली नावं काढली, चेहरे पुसले. नव्वदीच्या पुढचे दोघेच आहेत, गावात कोणीही ओळखेल, म्हणून त्यांचं वय "८९ वा जास्त" केलं.

२८ डिसेंबर
खर्च. नवे १४ स्कॅन प्रत्येकी ४,५०० प्रमाणे ६३,०००. आशाताईचं मानधन ११२ घरांचं १६,८००. दोन हार्डडिस्क १९,०००. बॅटरी १३,५००. पेट्रोल ११,०००. नागपूरचे ३,२००. झेरॉक्स आणि किरकोळ २,७००. कानाचं यंत्र २,२००. सीडीचा खण १,६००. एकूण १,३३,०००. बाद मुलाखतींचं मानधन आशाताईने घेतलं नाही, मी दिलंही नाही, ते आता देणं आहे: १९ घरं, २,८५०.

हाती वापरता येतील असे स्कॅन ३०. नवीन वयं घालून सगळे पुन्हा चालवले. "लहान" म्हणून खूण केलेल्यांपैकी अर्ध्यांची खूण उतरली. दोघांवर नवी चढली, दोघंही एसटीच्या पासवाले. त्यांना विभागाची तारीख मिळाली आहे, ह्या वेळी घरी काहीच आकडा सांगितला नाही.

१४ जानेवारी २०२५
संक्रांत. आत्या पुलगावहून आली. बाबांची ओळ अजून रिकामी ठेवली होती.

त्यांच्या स्वतःच्या दाखल्यावर १ जुलै १९४८. ते मात्र सांगतात की गांधीजी गेले त्या रात्री घरात चूल पेटली नाही आणि त्यांच्या वडिलांनी टोपी काढून खुंटीला लावली. कागदाप्रमाणे ते तेव्हा जन्मलेले नव्हते. ऐकलेलं असेल, मी म्हटलं. आत्या तिळगूळ वळत होती. "ऐकलेलं कायले? हा माझ्या कडेवर होता, भाकर माग माग करत होता. मीच याले गूळ दिला." कडेवरचं, भाकर मागणारं पोर म्हणजे दोन-तीन वर्षांचं. टोपी आठवते म्हणजे आणखी मोठं.

पट्टा ७९ ते ८२ लिहिला. सांगणारी: बहीण. खात्री: मध्यम. पर्सेंटाइल एकचं तीन झालं.

आत्याला फॉर्म फार आवडला. "आता माझं काढ," म्हणाली, आणि पदराला हात पुसून समोर बसली. क्रमांक ११३. सुरुवात गांधीजींपासून केली, चूल, टोपी, गूळ, आणि ती थांबून मला म्हणाली, "पण गूळ कुठून आणला असन वं मी? डबा तं माझ्या हाताले पुरत नव्हता."